एक सूत माया

आमच्या घरी वाघिणी पार्सलने येतात. मालगाडीच्या डब्याला वाघीण म्हणतात हे मला कुठलं ठाऊक असायला? मी शिवणकाम करणारी बाई. वीस वर्षांपूर्वी आमच्या ह्यांनी पहिल्यांदा फोनवर कुणाला तरी "दोन वाघिणी पाठवा, एक उघडी, एक बंद" असं सांगितलं, तेव्हा मशीन थांबवून मी नुसती बघत राहिले होते. आता पार्सलवालासुद्धा सरावलाय. गेटमधूनच ओरडतो, "काकू, वाघीण आली!" आणि हे आतून म्हणतात, "दुसरी आली म्हणा. पहिली आहे घरात." वीस वर्षं हा एकच विनोद. मी एकदाही हसलेले नाही, तरी ह्यांचा उत्साह काडीचा कमी झालेला नाही.

पार्सल म्हणजे बुटाच्या खोक्याएवढं खोकं. आत प्लास्टिकचे सुटे भाग, चार लोखंडी चाकं, दोन आकडे, पिशवीभर बारीक स्क्रू आणि कसं जोडायचं त्याचा कागद. शहाण्या माणसाने तो कागद वाचून डबा जोडला असता. आमचे हे कागदाची नीट घडी घालून ड्रॉवरमध्ये ठेवतात आणि करवत काढतात. आहे तशी एकही वाघीण रुळावर जाऊ द्यायची नाही, हा ह्यांचा बाणा. एकीची उंची कमी करून तिच्यात काटक्यांचे ओंडके भरले. एकीचं छप्पर काढून दुसरीला लावलं. एकीला जुनेपणा यावा म्हणून चहाचं पाणी आणि गंजाची भुकटी फासली. ती इतकी जुनी दिसायला लागली की मी तिला कचऱ्यात टाकून आले. दोन दिवस घरात अबोला होता.

पण ह्यांच्या हातात कसब आहे, ते नाकबूल कसं करू. छत्तीस वर्षं दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवल्या. एखादा दात केसभर उंच राहिला तर डोळ्याला दिसायच्या आधी ह्यांच्या बोटाला कळायचा.

गाडी एकट्या ह्यांची नाही. आमचं आणि माझ्या थोरल्या दिरांचं घर शेजारीशेजारी, मागच्या बागा लागून, मध्ये पुरुषभर उंच विटांची भिंत. थोरले वायरमन होते. रूळ त्यांनी घातले, वीज त्यांच्या व्हरांड्यातून येते, डबे ह्यांचे. भिंतीत खाली दोन भोकं आहेत. एकातून गाडी त्यांच्या बागेत जाते, तिकडच्या गुलाबांना वळसा घालते आणि दुसऱ्यातून परत येते. भोकं पाडली तेव्हा जाऊबाईंनी आकांत केला होता, "उंदीर येतील, घुशी येतील!" म्हणून थोरल्यांनी सिमेंट लावून ती इतकी आवळली की डबा आणि भिंत यांच्यात चारी बाजूंनी जेमतेम एक सूत जागा राहिली. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. माझ्या टेपवरची दोन बारीक रेघांमधली जागा. ह्यांनी मग त्या भोकाच्या मापाची एक पुठ्ठ्याची चौकट कापून ठेवली. नवा डबा झाला की आधी चौकटीतून काढून बघायचा, मगच रुळावर. वीस वर्षांत हा नेम एकदाही मोडला नव्हता.

पाच महिन्यांपूर्वी थोरल्यांनी घर विकलं.

कारण कुणालाही पटेल असंच होतं. जाऊबाईंचे गुडघे गेलेत, जिना होत नाही, मुलीचं घर तळमजल्यावर आहे, तिला आई-वडील जवळ हवेत. पण थोरल्यांनी सही केली आणि मग चहाला येऊन सांगितलं. हे कपाकडे बघत राहिले आणि म्हणाले, "रुळांचं काय करायचं ठरवलंस?" थोरल्यांनी उत्तर दिलं, "पोरखेळ आता पुरे झाला रे." बस. तो एक शब्द. ह्यांनी कप खाली ठेवला, थोरले उठून गेले, आणि सत्तरीच्या दोन भावांनी तोंडं फिरवली.

गंमत अशी की गाडी थांबली नाही. रोज संध्याकाळी पाचच्या ठोक्याला पलीकडून वीज सुरू व्हायची आणि सहाला बंद. थोरले बटण दाबून आत जायचे, बाहेर फिरकायचे नाहीत. हे इकडे स्टुलावर बसून आपली गाडी सोडायचे. ती भिंतीपलीकडे जायची, यायची. बोलणं फक्त आम्हा दोघी जावांचं, तेही वाघिणीतून. उघड्या वाघिणीत मी बटणं, सुया, चिठ्ठ्या पाठवायचे. तिकडून लिंबं, डोकेदुखीच्या गोळ्या आणि चिठ्ठीला उत्तर यायचं. "तुमचे बोलले का काही?" "नाही. तुमचे?" "छे."

मला सांगा, असा राग काय कामाचा? भांडायचं तर तोंडावर भांडावं, ताट आपटावं, मोकळं व्हावं. हे दोघे मूग गिळून बसलेले. थोरल्यांचा टेम्पो रविवारी येणार असं ठरलं तेव्हा मध्ये बारा दिवस उरले होते. थोरले न बोलता गेले, तर दोघे परत कधी बोलायचे? या वयात "पुढच्या वेळी" असं म्हणता येत नाही. मला रात्रंदिवस तेवढंच खुपत होतं.

आणि एके सकाळी हे म्हणाले, "गार्डचा डबा करायचाय."

या दोघांचे वडील मालगाडीवर गार्ड होते. गार्डचा डबा सगळ्यात शेवटी, मागे छोटा व्हरांडा, त्याला कठडा. लहानपणी त्यांची गाडी घरामागून जायची तेव्हा दोघे भाऊ कुंपणाची तार धरून उभे राहायचे. थोरले मोठ्याने वाघिणी मोजायचे, "बेचाळीस... त्रेचाळीस... चव्वेचाळीस..." आणि शेवटचा डबा आला की दोघे एकदम ओरडायचे, "आणि बाबा!" व्हरांड्यातून वडील हिरवा झेंडा हलवायचे. वीस वर्षांत बागेत वाघिणी पुष्कळ झाल्या, पण गार्डचा डबा काही झाला नाही. दर वर्षी दोघांपैकी एक जण म्हणायचा, "पुढच्या वर्षी करू, निवांत." बापाचा डबा घाईत करायचा नाही, असं काहीतरी होतं त्यांचं.

"दादाला देणार," हे म्हणाले. "बोलणार नाही. नुसता डबा जाईल."

"हो, तुम्ही कशाला बोलताय. डबा बोलेल," मी म्हटलं.

अडचण एकच होती. आठवड्यापूर्वीच ह्यांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं की महिनाभर वाकायचं नाही, धूळ जाऊ द्यायची नाही, बारीक काम करायचं नाही, आणि पातं तर हातात धरायचंच नाही. बंद वाघिणीचं किट कपाटात होतं. त्याची चाकं आणि खालचा सांगाडा वापरायचा, वरचं सगळं पांढऱ्या प्लास्टिकच्या पातळ पत्र्यातून नवं कापायचं, असा ह्यांचा बेत. नकाशाही ऑपरेशनच्या आधी काढून ठेवलेला, प्रत्येक भिंत, छप्पर, खिडकी, सगळं मापासकट.

"मी कापते," मी म्हटलं.

"तू?"

"चाळीस वर्षं मी काय भाजी चिरत होते?"

ह्यांनी मुकाट्याने नकाशा माझ्यापुढे सरकवला.

शिवणाच्या टेबलावर मी प्लास्टिक पसरलं, खडूने आखलं, पट्टी धरून पातं ओढलं. पत्रा दोनदा ओरखडून मोडायचा, कडकन तुटतो. कापडापेक्षा बरा वाटला मला, सुरकुतत नाही. हे खुर्चीत बसून काळा चष्मा लावून सूचना द्यायचे आणि मी "ब्लाऊज कापताना मला कोणी सूचना दिलेल्या चालत नाहीत" असं सांगून त्यांना गप्प करायचे. दोन दिवसांत चारी भिंती, छप्पर, व्हरांड्याची जमीन तयार झाली. तुकडे एकमेकांना असे बिनचूक बसले की माझी मलाच शाबासकी द्यावीशी वाटली. फक्त सांगाड्याच्या बाहेर डबा किंचित डोकावत होता. मला वाटलं, छप्पर असंच असतं, वळचण.

लाकडी फळ्यांच्या रेघा मी टाचणीने कोरल्या. कठड्याला माझ्या जुन्या सुया वापरल्या, नेढं खाली चिकटवून. डबा हलका पडून रुळावरून घसरू नये म्हणून पोटात मशीनच्या चार जुन्या बॉबिनी ठेवल्या. ती सूचना मात्र ह्यांची.

जोडलेला डबा ह्यांच्या हातात दिला तेव्हा ह्यांनी चष्मा काढला नाही. डोळे मिटून बोटं फिरवली. छप्पर, कडा, खिडकीची चौकट, कठडा, पुन्हा कडा. कडेवर बोट बराच वेळ थांबलं. मला वाटलं, रडतात की काय.

"काही चुकलंय का?"

"नाही," हे म्हणाले. "फार छान झालाय. रंग दे."

"आधी पुठ्ठ्यातून काढून बघायचा ना?"

"राहू दे या वेळी."

मला जरा नवल वाटलं. म्हटलं, डोळ्याच्या औषधाने माणूस ढिला पडला असेल. मी तांबडा रंग दिला, दोन हात. भिंतीपलीकडे नेऊन चालवून बघायचा प्रश्नच नव्हता, थोरल्यांच्या नजरेस पडला असता.

शनिवारी, टेम्पोच्या आदल्या दिवशी, दुपारीच मी जाऊबाईंच्या फोनवर निरोप दिला. वाघिणीला वीज मिळायला पाच वाजावे लागतात. "आज पाचला त्यांना बाहेर बसवा. कसंही करून." त्यांचं उत्तर आलं, "खुर्ची टाकते. बसतील की नाही देव जाणे. सकाळपासून ट्रंकेवर डाफरतायत."

पाच वाजले. रुळांत वीज आली. हे स्टुलावर, मी त्यांच्या मागे, हातातलं शिवण तसंच धरून. आठ वाघिणी आणि शेवटी तांबडा गार्डचा डबा. गाडी लिलींच्या रांगेतून निघाली, टाकीला वळसा घालून भिंतीकडे गेली. इंजिन भोकात शिरलं. पलीकडून खुर्चीचा आवाज आला, आणि मग, माझा विश्वास बसेना, भिंतीवरून थोरल्यांचा आवाज. हळू, स्वतःशीच बोलल्यासारखा.

"एक... दोन... तीन..."

ह्यांनी माझा हात धरला.

"सहा... सात... आठ..."

आणि खर्रर्र. गार्डचा डबा अर्धा भोकात गेला आणि रुतला. पुढचं तोंड पलीकडे, व्हरांडा आमच्याकडे. पलीकडे इंजिन जागच्या जागी चाकं फिरवत घुरघुरायला लागलं.

हे उठले आणि, डॉक्टरीणबाईंनी बघितलं असतं तर त्यांनाच झटका आला असता, सरळ भिंतीपाशी पालथे झोपले. मी धावत जाऊन हनुवटीखाली उशी सारली. दुसरं काय करणार.

पलीकडे पावलं वाजली, गुडघे टेकल्याचा आवाज आला, मग कण्हणं. थोरलेही आडवे झाले असावेत.

"कोण आहे रे तिकडे?" थोरले म्हणाले.

"कोण असणार? मीच आहे."

"अडकलाय."

"दिसतंय मला. वीज बंद कर, मोटर जळेल."

"केली मघाशीच. मला वीज शिकवू नकोस."

"ओढ हळू."

"ओढतोय. तू ढकल तिकडून."

"ढकलतोय ना."

"जोर लाव की, बारक्या!"

बारक्या! पाच महिन्यांनी मी तो शब्द ऐकला आणि माझ्या हातातलं शिवण खाली पडलं.

डबा ढिम्म हलेना. मग थोरले म्हणाले, "हे तुझं काम नव्हे. तुझा डबा कधी अडकलेला नाही."

"हिनं कापलाय. माझा डोळा..."

"माहितेय डोळ्याचं." थोरले थांबले. "आलो होतो मी दवाखान्यात. खाली बाकावर बसलो होतो. तू बाहेर आलास, रिक्षात बसलास, मग उठलो."

"वर का नाही आलास?"

"काय तोंडाने येऊ?" थोरल्यांचा आवाज भोकातून येत होता, त्यामुळे तो जमिनीतूनच येतोय असं वाटत होतं. "सही करायच्या आधी तुला विचारलं असतं ना, तर तू काहीच बोलला नसतास. नुसतं बघितलं असतंस. मग माझ्याच्याने सही झाली नसती. आणि हिचे गुडघे..."

"मला कळतं रे. गुडघे कळतात मला. तू पोरखेळ म्हणालास."

"म्हणालो. त्या दिवशी तसं म्हटलं नसतं तर तुझ्यासमोर रडलो असतो."

हे व्हरांड्याच्या सुयांच्या कठड्यावर बोट ठेवून पडून राहिले.

माझ्याच्याने तिथे उभं राहवेना, मी आत पळाले. कुठे चुकलं ते बघायला नकाशा काढला, कापून उरलेला पत्रा काढला, टेप लावला. आणि तळपायाची आग मस्तकात गेली, राग माझाच माझ्यावर. प्रत्येक तुकडा चारी बाजूंनी एक सूत मोठा! भिंती, छप्पर, जमीन, सगळं. सगळेच सारखे वाढले म्हणून एकमेकांना बिनचूक बसले होते. एक सूत, वर रंगाचे दोन हात.

शिवणारीला सांगायला नको. कापड कधी मापावर कापत नाहीत, शिवणीत जायला थोडं जास्तीचं सोडतात. पुढे माणूस अंगाने सुटला तर उसवून वाढवता येतं. त्याला आम्ही माया म्हणतो. चाळीस वर्षांत हात इतका बसला होता की प्लास्टिकलाही सोडली.

मी बाहेर येऊन भिंतीशीच ओरडले, "अहो! माझं चुकलं! मी माया सोडली!"

मग पलीकडून थोरले हसायला लागले. आधी खोकल्यासारखं, मग मोठ्याने, मग आमचे हेही, उशीत तोंड खुपसून. "प्लास्टिकला माया सोडली धाकटीनं!" थोरले जाऊबाईंना ओरडून सांगत होते. "अगं ऐकलंस का, डब्याला माया सोडली!"

"हसा," मी म्हटलं. "बाहेर काढा तो, मी चारी बाजूंनी तासून देते."

"खबरदार!" थोरले एकदम गंभीर झाले. "त्या डब्याला कोणी हात लावायचा नाही. छिन्नी आण, बारक्या. माझी ट्रंकेत गेलीये."

"भाऊजी, भिंत फोडताय? घर विकलंय तुम्ही!"

"उद्यापर्यंत माझंच आहे."

आमच्याकडे दोन छिन्न्या होत्या, एक भिंतीवरून गेली. थोरल्यांनी स्वतःच वीस वर्षांपूर्वी लावलेलं सिमेंट स्वतःच टवके काढत फोडायला सुरुवात केली. त्यांच्या बाजूने ते, आमच्या बाजूने मी, कारण ह्यांना मी छिन्नी धरू दिली नाही. हे उशीवर हनुवटी टेकून "वर, अजून वर, डावीकडे" असं सांगत होते, आणि या वेळी मी सूचना ऐकून घेतल्या. जाऊबाई गुडघे सांभाळत व्हरांड्यातून विचारत होत्या, "उंदीर नाही ना येणार?"

सहा वाजून गेले तरी थोरले आत गेले नाहीत. शेवटचा टवका पडला, थोरल्यांनी बटण दाबलं, आणि डबा हळूच पुढे सरकला. व्हरांडा दिसेनासा झाला. मग भिंतीच्या दोन्ही बाजूंनी दोन म्हातारे एकदम ओरडले, "आणि बाबा!"

मी पदराने डोळे पुसले. विटांची धूळ गेली होती, असं मी जाऊबाईंना सांगितलं.

दुसऱ्या दिवशी टेम्पो आला. सामान चढलं, आणि गार्डचा डबा थोरल्यांच्या मांडीवर गेला, जुन्या टॉवेलात गुंडाळून. ट्रंकेत ठेवायला ते तयार होईनात. गाडी सुटायच्या आधी त्यांनी खिडकीतून ह्यांचा हात धरला तो सोडेनात, शेवटी ड्रायव्हरनेच हॉर्न वाजवला. "दर रविवारी फोन करायचा," थोरले म्हणाले. "डबा मुलीच्या अंगणात चालवतो. तू येशील तेव्हा वाघिणी घेऊन ये."

दुपारी हे बागेत बसले होते, फुंकर मारून रुळावरची विटांची भुकटी उडवत. मी शेजारी जाऊन बसले.

"चुकलंच माझं," मी म्हटलं. "तुमचा पहिला गार्डचा डबा, आणि भिंतीत अडकला."

"मला माहीत होतं," हे म्हणाले.

"काय माहीत होतं?"

"एक सूत जास्त आहे ते. हातात घेतला तेव्हाच बोटांना कळलं."

आत्ता मला आठवलं. पुठ्ठ्याची चौकट. राहू दे या वेळी. "मग तेव्हाच का नाही बोललात?"

"बोललो असतो तर तू लगेच काढून टाकली असतीस."

"काय काढून टाकली असती?"

"माया," हे म्हणाले, आणि पुन्हा फुंकर मारायला लागले.

डोळ्यात धूळ जाऊ द्यायची नाही असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. मी ह्यांना स्टुलावर बसवलं, ब्रश घेतला आणि उरलेला रूळ मी झाडला.